मुलाचे कार्यालय ओसरीवर येते तेव्हा

अमरावतीहून नागपूरकडे निघालेल्या माणसाला मोझरी ओलांडली की थोड्याच वेळात तिवसा लागते. तालुक्याचे गाव, भोवती कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्यांचे बगीचे. या गावातून आणि आसपासच्या खेड्यांतून शिकलेली मुले बाहेर पडली, ती आधी अमरावती-नागपूरला, मग पुण्या-मुंबईला आणि पुढे परदेशी. आईवडील गावीच राहिले. मुलाने दिवाळीला यावे, दर महिन्याला पैसे पाठवावेत, आजारपणात धावत यावे, असा हा क्रम दोन पिढ्या चालला.

अलीकडे या क्रमात एक नवे दृश्य मिसळले आहे. सोमवारची सकाळ उजाडलेली असते आणि मुलगा घरीच असतो. ओसरीवर किंवा माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडलेला, कानाला हेडफोन लावलेला आणि तोंडी इंग्रजी. शेजारी फाटकातून डोकावून विचारतात, “काहून जी, पोरगा आता घरीच रायते? नोकरी गेली का काय?”

नोकरी गेलेली नसते. ती मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत बसून त्याच्याबरोबर आलेली असते. दोन महिने तिवशात, एक महिना पुण्यात, मधल्या काळात गोव्यात किंवा हिमाचलात, अशी ती त्याच्याबरोबर फिरत असते. वाचकहो, आपल्या घरातले कोणी असे काम करीत असेल, तर त्याच्या या फिरतीचा आपल्या प्रकृतीशी फार जवळचा संबंध आहे. हा लेख त्या संबंधाविषयी आहे.

ही नोकरी आली कोठून?

कार्यालयात न जाता दूरवरून काम करण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील जॅक निल्स यांनी १९७३ साली ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द रूढ केला. १९९७ मध्ये त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांनी ‘डिजिटल नोमॅड’ हे पुस्तक लिहिले आणि संगणकाच्या आधारे फिरत राहून पोट भरणाऱ्या माणसाला एक नाव मिळाले. मात्र ही गोष्ट घरोघरी पोहोचली ती २०२० च्या टाळेबंदीने. त्याच वर्षी एस्टोनिया या छोट्या युरोपीय देशाने अशा फिरत्या कामकऱ्यांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. आपल्याकडे दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी नियम सैल केले आणि दूरध्वनी व संगणकावरून सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना घरून, तसेच देशात कोठूनही काम करण्याची वाट मोकळी करून दिली.

पुढे अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना परत बोलावले, काहींनी ही मुभा कायम ठेवली, तर काही तरुणांनी नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम घ्यायला सुरुवात केली. संगणकाच्या आज्ञावली लिहिणे, हिशेब सांभाळणे, भाषांतर, रेखाटन, ऑनलाइन शिकवणी अशी अनेक कामे आज या पद्धतीने होतात. येणे-जाणेही सोपे झाले आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातूनच जातो आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. पूर्वी ‘नोकरी की आईवडील’ असा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहत असे, त्यांना आता दोन्ही जमेल असे वाटू लागले आहे. ते जमतेही. मात्र आपोआप जमत नाही.

घरी असणे आणि मोकळे असणे

या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत मोठा घोटाळा एका समजुतीमुळे होतो. मुलगा घरी आहे, म्हणजे तो मोकळा आहे, असे आईवडिलांना वाटते. आपण घरी आहोत, म्हणजे आपण आईवडिलांची काळजी घेतो आहोत, असे मुलाला वाटते. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत.

समजा, वडील पंचाहत्तरीचे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांना डावा हात जड वाटू लागतो, पेला हातातून निसटतो. मुलगा आतल्या खोलीत आहे, दार लोटलेले आहे, तो परदेशातल्या साहेबांशी बोलतो आहे. “त्याची मीटिंग चालू आहे, संपू दे, मग सांगू,” असे म्हणून वडील खाटेवर आडवे होतात. मुलगा साडेनऊला बाहेर येतो. तोवर अडीच तास गेलेले असतात.

मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून येणाऱ्या पक्षाघातात ती गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितका लाभ अधिक. तिवशाहून अमरावतीला पोहोचणे, मेंदूचा सीटी स्कॅन होणे, डॉक्टरांनी निर्णय घेणे, हे सारे त्या साडेचार तासांतच बसवायचे असते. मुलगा पुण्यात असता तर वडिलांनी शेजाऱ्याला हाक मारली असती. मुलगा घरातच होता, म्हणून हाक राहून गेली. घरी असलेल्या माणसाचा असा उलटा परिणाम होऊ शकतो, हे आपण लक्षात घ्यावे.

म्हणून पहिला नियम घरात मोठ्याने बोलून ठरवावा. काही लक्षणे अशी आहेत की त्यांच्यापुढे कोणतीही मीटिंग मोठी नाही. छातीत दुखणे किंवा दडपण येणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, हाताची किंवा पायाची शक्ती अचानक जाणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दम लागणे, पडून डोक्याला मार लागणे, मधुमेह असलेल्या व्यक्तीला दरदरून घाम फुटणे किंवा ती असंबद्ध बोलू लागणे. यांपैकी काहीही झाले, तर दार वाजवायचे नाही, सरळ उघडायचे. आवाज पोहोचत नसेल, तर एक साधी विजेवरची घंटा आईवडिलांच्या खाटेजवळ बसवून तिचा आवाज कामाच्या खोलीत नेता येतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, तो आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

मुलांनो, आपल्या साहेबांनाही हे आधीच सांगून ठेवा. “माझ्या घरी वृद्ध आईवडील आहेत, एखाद्या वेळी मला मधूनच उठावे लागेल,” हे वाक्य पहिल्याच आठवड्यात बोलून टाकले, तर पुढे संकोच उरत नाही.

घरातली दोन घड्याळे

परदेशी कंपनीचे काम असेल, तर घरात दोन घड्याळे चालतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिकडचा कामाचा दिवस संपेपर्यंत इकडे रात्रीचे अडीच-साडेतीन होतात. आई पहाटे पाचला उठून अंगण झाडते, तेव्हा मुलगा नुकताच झोपलेला असतो. आईला वाटते, पोरगा आळशी झाला. मुलाला वाटते, भांड्यांच्या आवाजाने झोप मोडते. वाद भांड्यांवरून होतो, पण त्याचे खरे कारण घड्याळात असते.

या मुलाची झोप हा आईवडिलांच्याही आरोग्याचा प्रश्न आहे. कारण रात्री-अपरात्री गाडी चालवून दवाखान्यात नेणारा तोच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयाला रक्त कमी पडून मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसून आले. घरून काम करताना तास मोजले जात नाहीत, हीच अडचण असते. जेवणाच्या ताटावर बसूनही बोटे कळफलकावर चालू राहतात.

यावर तोड म्हणजे दिवसाचे काही तास दोघांनी मिळून राखून ठेवणे. मुलाच्या सलग सात तासांच्या झोपेत कोणी दार वाजवू नये. खोलीला जाड पडदा लावावा. त्याच्या बदल्यात दिवसातला एक तास असा असावा की त्या वेळी फोन आणि लॅपटॉप दोन्ही बंद राहतील. सकाळचा अकराचा चहा असो की संध्याकाळी साडेपाचचा फेरफटका. वेळ लहान असला तरी ठरलेला असावा. वृद्ध माणसाला दिवसभर घरात कोणीतरी असण्यापेक्षा ठरलेल्या वेळी कोणीतरी आपल्याशी बोलणार आहे, याचा आधार अधिक वाटतो.

आणखी एक गोष्ट वऱ्हाडातल्या उन्हाची. चैत्र-वैशाखात इकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घरात कूलर बहुधा एकाच खोलीत असतो आणि ती खोली कामासाठी मुलाला दिली जाते. आईवडील मात्र तापलेल्या ओसरीवर बसतात. वयोमानाने तहान कमी लागते, घाम येण्याची क्रिया मंदावते, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी आणखी घटते. अशा माणसांना उष्माघात लवकर गाठतो. त्यामुळे दुपारी बारा ते पाच कूलरची खोली सर्वांची, असा नियम असावा. मुलाने हेडफोन लावून काम करावे आणि वडिलांनी तिथेच डुलकी घ्यावी. लाईन गेली तर कूलर बंद पडेल, म्हणून इन्व्हर्टर घेताना केवळ लॅपटॉप आणि इंटरनेटचा विचार करू नये. निदान एक पंखा त्यावर चालला पाहिजे.

मुलगी किंवा सून घरून काम करीत असेल, तर अन्याय आणखी सोपा होतो. ती घरीच आहे म्हटल्यावर स्वयंपाक, पाहुणे, गोळ्या, दूध, सारे तिच्याकडे येते आणि नोकरीचे आठ तास तसेच उरतात. सेवा करणारी व्यक्ती थकून आजारी पडली की घरातले दोन रुग्ण तीन होतात. मुलगा पुण्याहून घरी आला की ‘किती काळजी घेतो’ असे कौतुक होते. वर्षभर जवळ राहून करणाऱ्या सुनेचे किंवा धाकट्या भावाचे कौतुक राहून जाते. फिरत्या नोकरीच्या भावंडाने घरी असताना खरोखर काही भार उचलावा आणि जवळ राहणाऱ्यांना तेवढे दिवस सुटी द्यावी.

पगाराबरोबर विमाही पाहा

फिरती नोकरी दोन प्रकारची असते. एक पगाराची, दुसरी स्वतंत्र कामाची. आईवडिलांच्या दृष्टीने या दोहोंत मोठा फरक आहे, आणि तो बहुतेक घरांत बोललाच जात नाही. अनेक कंपन्यांच्या गट आरोग्य विम्यात कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचाही समावेश असतो. मुलाने नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केले की ते संरक्षण सहसा संपते. ऐन गरजेच्या दिवशी रुग्णालयाच्या खिडकीवर हे कळणे फार महागात पडते.

म्हणून मुलगा ‘आता मी स्वतःचे काम करणार’ असे म्हणाला, की आनंद व्यक्त करावा आणि लगेच विचारावे, “आमच्या विम्याचे काय?” गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाता येते का, याची चौकशी नोकरी सोडण्यापूर्वीच करावी. आरोग्य विमा घेण्यासाठीची ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादा एप्रिल २०२४ पासून उठली आहे आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा झाला आहे. हप्ता मात्र वयानुसार वाढतो. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले आहे. त्यासाठी आधार कार्डाच्या साहाय्याने ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढावे लागते. मुलगा गावी असतानाच हे काम उरकून घ्यावे आणि जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, तेही पाहून ठेवावे.

मुलगा पुढच्या मुक्कामाला निघतो तेव्हा

मुलगा दोन महिने राहून निघाला की घर एकदम रिकामे होते. तो असताना औषधे तोच आणत असे, डॉक्टरांशी तोच बोलत असे. आईवडिलांची स्वतःची सवय तेवढ्यात मोडलेली असते. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात ही सवय परत लावावी. गोळ्यांची सात कप्प्यांची डबी वडिलांनी स्वतः भरावी आणि मुलाने फक्त पाहावे. रक्तदाब आणि साखर यांच्या नोंदींची वही आईने लिहावी. मुलगा गोव्यात असो वा हिमाचलात, आठवड्यातून एकदा त्या वहीच्या पानाचा फोटो त्याला पाठवावा. ‘बरे आहे’ या दोन शब्दांपेक्षा ते पान अधिक खरे बोलते.

गावातला एक माणूस नेमून ठेवावा, जो मध्यरात्री फोन उचलेल आणि पंधरा मिनिटांत दारात येईल. भाचा, शेजारी, जुना विद्यार्थी, कोणीही चालेल. पण त्याची संमती घेतलेली असावी आणि एक किल्ली त्याच्याकडे असावी. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेत घरबसल्या डॉक्टरांचा विनामूल्य सल्ला मिळतो. किरकोळ तक्रारींसाठी ती सोयीची आहे, मात्र वर सांगितलेल्या तातडीच्या लक्षणांसाठी ती नव्हे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. एकटेपणा, छळ, निवृत्तिवेतन, कायदेशीर प्रश्न अशा बाबतींत तिथे मार्गदर्शन मिळते.

आपण त्याच्याबरोबर जाता तेव्हा

काही मुले म्हणतात, “आई, तूही चल माझ्याबरोबर.” जरूर जावे. पण मुक्काम निदान तीन-चार आठवड्यांचा असावा. दर आठवड्याला नवे घर, नवे न्हाणीघर आणि नवा जिना वृद्ध पायांना झेपत नाही. पडण्याचा धोका अनोळखी न्हाणीघरात आणि रात्रीच्या अंधारात अधिक असतो, म्हणून पोहोचल्या दिवशी रात्रीचा छोटा दिवा आणि न घसरणारे पायपुसणे यांची सोय करावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला वारंवार जागा बदलण्याने गोंधळ वाढतो. तिच्यासाठी मुलाने फिरती कमी करून स्वतःच घरी येणे चांगले.

औषधे हातातल्या पिशवीतच असावीत, सामानाच्या डिकीत नव्हे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. ते गोठू देऊ नये आणि उन्हात उभ्या गाडीतही सोडू नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, म्हणजे परगावी वेगळ्या कंपनीचे तेच औषध मिळू शकते. चार तासांहून अधिक बसून प्रवास असेल, तर पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून थोडे चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत आणि पाणी पिण्याची टाळाटाळ करू नये. राज्यातील एसटी प्रवास ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते. मुलगा अमरावती-नागपुरातच मुक्कामी असेल, तर आपणही अधूनमधून त्याच्याकडे जाऊन येऊ शकता.

फिरतीला लागते ठरलेली वेळ

फिरते काम या मातीला अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर गावोगाव फिरले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी प्रवासातच, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचा देह पडला. यावलीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन देशभर हिंडले. पण १९३५ मध्ये त्यांनी तिवशाशेजारी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि तेथे पहाटेचे सामुदायिक ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ही वेळ बांधून दिली. महाराज फिरतीवर असले, तरी गुरुकुंजाची वेळ ठरलेली होती. दूर गेलेल्या माणसाची आणि मागे राहिलेल्यांची गाठ अशा ठरलेल्या वेळेनेच टिकते.

येत्या रविवारी आपण सारे एकत्र बसा. मुलगा परगावी असेल, तर फोनवर घ्या. एका कागदावर पाच गोष्टी लिहा: मुलाचे कामाचे तास, रोजचा राखून ठेवलेला एक तास, कोणत्या लक्षणांसाठी लगेच हाक मारायची, विमा व कार्डे कोठे ठेवली आहेत, आणि मुलगा नसताना कोणाला बोलवायचे. कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा. मुलाचा पुढचा मुक्काम ठरला की तारीख घालून तो पुन्हा लिहा.

आणि शेजारच्या काकांनी पुन्हा विचारलेच, तर त्यांना आत बोलावून चहा द्या, कागद दाखवा. त्यांचाही मुलगा पुण्यात असतो.